शेजारी दुष्टच कशाला हवा?

तुमच्या कथेतल्या मेरवळ देशाची सगळी ओळख बलाढ्य शेजाऱ्याच्या द्वेषावर उभी आहे, आणि वरच्या प्रतिक्रियांत बऱ्याच जणांना ते पटलेलं दिसतंय. मला नाही पटलं. नुसत्या द्वेषावर देश चालत नाही हो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं. पण रुपया मात्र आपल्याच रुपयाला बांधलेला, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. ही ओढाताण मेरवळच्या बाजारात दिसू दे की.

आणि आपल्या निर्णयाने शेजाऱ्याचं काय होतं, याचा बलाढ्य देशातल्या माणसांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, तेव्हा इथे नाशकात एकच विषय: लासलगावला भाव किती पडला? (आमच्या घरीही तेच.) तिकडे बांगलादेशात कांदा कडाडला. मग तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी दिल्लीत येऊन सांगितलं, मी स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलाय. तेही हसत हसत, हिंदीत! तक्रार झाली, पाहुणचारही बिघडला नाही.

तुमच्या राजदूताला असा एखादा प्रसंग द्या. त्यासाठी सीमेवरच्या गोळीबाराचं एक प्रकरण बिनधास्त कापा.