मदत हवी आहे : १ टीबीची पोर्टेबल डिस्क अडकायला लागली आहे. फोटो कसे वाचवू, आणि पुढे बॅकअप कसा ठेवू?

कौलारू
तबकडीवाली २.५ इंची पोर्टेबल डिस्क, ७ वर्षं जुनी. आत साधारण ६४० जीबी माल आहे : घरचे फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेली ७/१२ आणि खरेदीखतं. दुसरी प्रत नाही. आठवड्याभरापासून काही फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं. कॉपी करताना आकडा शून्यावर येऊन थांबतो, मग पुन्हा चालू होतो. आवाज मात्र नेहमीचाच. लॅपटॉप विंडोज ११ होम, ५१२ जीबी एसएसडी. गूगलचे फुकटचे १५ जीबी भरलेत. डिस्क जोडली की विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारतं. करू का? राहणं रत्नागिरीत, त्यामुळे दमट हवा आणि विजेचा लपंडाव दोन्ही गृहीत धरा.

अडकित्ता
करू नका. ते चेकडिस्क आहे. ते फाइल्सची यादी दुरुस्त करायला त्याच डिस्कवर लिहितं. सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे लहान कप्पे) वाचताच येत नसतील तर नको ते 'दुरुस्त' होतं आणि फोल्डरच्या फोल्डर नावं हरवून बसतात. डिस्क आत्ता काढून ठेवा. आधी २ टीबीची नवी डिस्क आणा. ती आली की जुनी एकदाच जोडायची, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायचं आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींचे रॉ आकडे इथे टाकायचे.

कौलारू
आणली. ०५ समोर सगळी शून्यं. सी५ च्या शेवटी ए८. सी६ ला पण ए८. ए८ म्हणजे काय?

अडकित्ता
तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पटीतल्या मोजणीत दिसतो. ए म्हणजे १०, १० गुणिले १६ अधिक ८, म्हणजे १६८. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न करता आलेले आणि ०५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेतल्या सेक्टरांनी बदललेले. ०५ शून्य आहे म्हणून खूश होऊ नका, बदली अजून सुरू झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ. डिस्क जाणार. कधी, ते सांगता येत नाही.

आता एक्सप्लोररमधून ओढून कॉपी करायचं नाही. ते एका खराब फाइलवर हटून बसतं आणि डिस्क तेवढा वेळ तीच जागा ओरबाडत राहते. दोन मार्ग आहेत :

पहिला, सोपा. खरेदीखतांचं फोल्डर सर्वांत आधी, ते काही एमबीच असेल. मग पुन्हा न मिळू शकणारे फोटो. डाउनलोड केलेले सिनेमे शेवटी किंवा नाहीच. टेराकॉपी हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरा, ते न वाचलेली फाइल सोडून पुढे जातं आणि शेवटी यादी देतं.

दुसरा, नीट. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता) बूट करून डीडीरेस्क्यू, हे खराब डिस्कवरून डेटा उचलायचं सॉफ्टवेअर. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा नंतरसाठी ठेवतं. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) दिलीच पाहिजे, म्हणजे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत खरडायचं नाही (म्हणजे खराब जागा सेक्टर-सेक्टर करून वाचायच्या नाहीत), दुसऱ्या फेरीत तीनदा प्रयत्न. मूळ आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क जुनीवर लिहिली जाईल, म्हणून क्षमता बघून नाव दोनदा तपासा. सगळी १ टीबी एका इमेज फाइलमध्ये (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या. नवी डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर फाइल ४ जीबीला अडकेल. एनटीएफएस ठेवा. पुढची सगळी खटपट त्या इमेजवर करायची, जुनी डिस्क परत जोडायचीच नाही.

खलाशी
+१. एकच भर : 'टक टक' आवाज सुरू झाला तर सगळं थांबवा, चालू करून बघूसुद्धा नका. तो हेडचा (तबकडी वाचणाऱ्या सुईचा) प्रश्न असतो, तिथे फक्त डेटा रिकव्हरीवाला. आणि डबी उघडून साध्या साटा केबलला (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कची केबल) लावू म्हणाल, तर ते जमेलच असं नाही, अशा बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच थेट बोर्डावरच असते. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. रत्नागिरीच्या हवेत बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर दव धरेल.

कौलारू
टेराकॉपीने ६४० पैकी ६३१ जीबी आलं. खतं पूर्ण आली. उरलेल्यावर आता डीडीरेस्क्यू लावतो. पुढचं सांगा. दुसरी प्रत एसएसडीवर की पेनड्राइव्हवर? गूगल फोटोज आहेच तसं.

तळटीप
पेनड्राइव्ह नको. एसएसडी रोजच्या कामाला उत्तम, पण कपाटात वर्षानुवर्षं विजेविना पडून राहणाऱ्या प्रतीसाठी तबकडीच बरी. एसएसडीतला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त.

गूगल फोटोज 'आहेच' म्हणू नका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर खोडलं की तिकडेही खोडलं जातं, कचरापेटीत ६० दिवस आणि मग गायब. 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर १६ मेगापिक्सेलवरचे फोटो आणि १०८० पीवरचे व्हिडिओ लहान झालेले असतात. टेकआउटने (गूगलमधला आपला डेटा डाउनलोड करायची गूगलचीच सोय) सगळं उतरवून घ्या, ५० जीबीचे तुकडे निवडा. लिंक आठवडाभरच चालते. सोबतच्या जेसन फाइल्स (.json नावाच्या छोट्या मजकूर फाइल्स) कचरा समजून खोडू नका. गूगलमध्ये बदललेल्या तारखा आणि वर्णनं त्यातच असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंच्या आत तारीखच नसते, ती फक्त नावात असते : आयएमजी-२०१९०३१२-डब्ल्यूए०००७. तेव्हा नावं बदलायचा उत्साह नको.

रचना अशी करा : एक डिस्क घरी, तशीच दुसरी नातेवाइकांकडे (शक्यतो दुसऱ्या गावात), आणि खतं व निवडक फोटो क्लाउडवर. ६४० जीबी पूर्ण चढवायचे तर ५० एमबीपीएस अपलोडला सलग २८-२९ तास, प्रत्यक्षात दोन-तीन दिवस धरा.

अडकित्ता
कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक (दोन फोल्डर जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर), पण 'मिरर' नाही, 'अपडेट'. मिररमध्ये लॅपटॉपवर चुकून उडालेलं फोल्डर बॅकअपमधूनही इमानदारीने उडतं. काम झालं की डिस्क सुटी करून ठेवा. कायम जोडलेली डिस्क खंडणीवाला व्हायरस आणि विजेचा झटका दोघांच्याही हाती लागते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, दर पावसाळ्याआधी जेल बदला. सहा महिन्यांनी डिस्क जोडून सी५ बघायचा आणि यादृच्छिक वीसेक फाइल्स उघडून बघायच्या, नुसती लघुचित्रं नव्हे.

खलाशी
नातेवाइकांकडची डिस्क कुलूपबंद, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारी (एन्क्रिप्ट केलेली) हवी. विंडोज होमवर बिटलॉकरने (विंडोजची स्वतःची कुलपाची सोय) बाहेरची डिस्क बंद करता येत नाही, व्हेराक्रिप्ट हे वेगळं सॉफ्टवेअर वापरा. पासवर्ड कागदावर, डिस्कच्या डब्यात नाही. लॅपटॉपच्या आतली डिस्क मात्र होमवरही आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की आजच उतरवून घ्या. लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला की तीच मागतात.

कौलारू
मनापासून आभार. जुन्या डिस्कचं काय? भंगारात दिली तर चालेल?

अडकित्ता
तशी नको. फॉरमॅट मारला तरी न वाचता येणाऱ्या सेक्टरांत काय राहिलं ते तुम्हाला पुसता येणार नाही. इमेज तपासून झाली की हातोडा. आधी जाड गोणपाटात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. २.५ इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात.