जंतुविरहित माशी अधिक जगते, म्हणून आतड्यातले जिवाणू वैरी ठरतात का?

पडताळा (धागाकर्ते)

परवा याच विभागात ‘दीर्घायू’ यांनी लिहिले की, फळमाशीच्या आतड्यातले जिवाणू काढून टाकले की ती अधिक जगते, त्यामुळे वार्धक्याचे मूळ जिवाणूंतच आहे आणि उतारवयात आतडे जितके निर्जंतुक तितके बरे. हे वाचून मला गप्प बसवले नाही, कारण या विधानात आयुष्याच्या एका टप्प्यावरचे निरीक्षण साऱ्या आयुष्यावर लादलेले आहे.

अळीपासून सुरुवात करू. असिटोबॅक्टर पोमोरम हा जिवाणू अ‍ॅसेटिक आम्ल तयार करतो आणि त्यामुळे अळीचा इन्सुलिन संदेशमार्ग (वाढ आणि साखरेचा वापर ठरवणारी पेशींमधली संदेशांची साखळी) नीट चालतो, हे वॉन-जे ली यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. ते आम्ल तयार करणारे विकर बिघडवलेला जिवाणू दिला, तर अळीची वाढ खुंटते. त्याच वर्षी फ्रांस्वा ललिए यांच्या गटाला असे आढळले की, निकृष्ट अन्नावर वाढणाऱ्या अळीला लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू टॉर या, पोषणानुसार वाढ ठरवणाऱ्या पेशीमार्गाद्वारे वाढीला मदत करतो. प्रौढ माशीचेही तसेच आहे. जंतुविरहित माशीत ट्रायग्लिसराइड (साठवणीचा मेद) आणि ग्लुकोज वाढलेले आढळतात, आणि असिटोबॅक्टर परत दिले की मेद पुन्हा उतरतो. ज्या प्राण्याच्या अंगात साखर आणि मेद साठू लागला आहे, त्याचा चयापचय सुधारला असे म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

दीर्घायू

आपण अळीबद्दल आणि तरुण माशीबद्दल लिहिले आहे. माझा मुद्दा म्हाताऱ्या माशीचा होता. अन्नात निळा रंग मिसळला की ज्या माशीचे आतडे झिरपू लागले आहे तिचे सगळे अंग निळे होते, ही पद्धत आपल्याला ठाऊक असेलच. अशा निळ्या माश्यांमध्ये इन्सुलिन संदेशमार्ग बिघडलेला असतो, साठवलेली ऊर्जा घटलेली असते आणि मृत्यू जवळ आलेला असतो. डेव्हिड वॉकर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की, जिवाणूंच्या संरचनेतला बदल आतडे झिरपू लागण्याच्या आधीच दिसतो, आणि प्रौढपणी जिवाणू हटवले तर आयुष्य वाढते. मी स्वतः दोन वर्षे माश्या पाळल्या आहेत. रोज सकाळी कुप्या उजेडात धरून निळ्या माश्या मोजल्या आहेत, आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या कित्येक तळाशी पडलेल्या पाहिल्या आहेत. ते दृश्य पाहिलेल्या माणसाला जिवाणूंचे गोडवे गाता येत नाहीत.

कुपी_सात

थोडे अवांतर होईल, पण ‘जंतुविरहित’ हा शब्द आपण दोघेही एकाच अर्थाने वापरत नाही आहात. अंडी ब्लीचने धुऊन वाढवलेली माशी वेगळी आणि प्रौढपणी प्रतिजैविके पाजलेली माशी वेगळी. पहिलीने जिवाणूंशिवाय बालपण काढलेले असते. दुसरीला ते मिळालेले असतात, पण औषधाचा स्वतःचा परिणामही तिच्यावर होतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मायटोकाँड्रियामधली (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतली) प्रथिननिर्मिती मंदावते, शिवाय माशीच्या पेशींच्या आत राहणारा वोल्बाकिया हा जिवाणू त्याने मरतो. ब्लीच मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि अन्नात बुरशी धरू नये म्हणून घातलेले मिथाइलपॅराबेन जिवाणूंची वाढही बदलते. माझ्या प्रबंधाचे चौदा महिने यातच बुडाले. अन्न तयार करणाऱ्यांनी त्याचे प्रमाण बदलले, मला कळवले नाही, आणि ‘वयानुसार होणारा बदल’ म्हणून मी जे अभिमानाने दाखवत होते तो निव्वळ अन्नातला बदल निघाला. तेव्हापासून अन्नाची कृती न देणारा कोणताही निष्कर्ष मी मानत नाही.

दीर्घायू

म्हणजे आपले अन्न बिघडले म्हणून सर्वांचेच बिघडले, असे आपले म्हणणे आहे का? हा अन्याय आहे. लोकांनी वर्षानुवर्षे रात्री जागून केलेले काम आपण एका परिरक्षकावर ढकलून मोकळ्या होता.

कुपी_सात

मी कोणाच्याही श्रमांचा अपमान केलेला नाही आणि तसा आरोप मला मान्य नाही. सीमोर बेन्झर या माशी-संशोधकाच्या प्रयोगशाळेतून २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार प्रौढपणाच्या पहिल्या आठवड्यात जिवाणू असले तर आयुष्य वाढते आणि उतारवयात असले तर ते घटू शकते. २००७ मध्ये दुसऱ्या गटाला जिवाणू काढल्याने आयुष्यात फरकच आढळला नाही. दोन्ही गट प्रामाणिक होते. मग फरक कुठून आला, हे अन्न, वाण आणि पद्धत न तपासता आपण कसे सांगणार?

सावली

वाद माशीचा आहे, तरी ‘आतडे निर्जंतुक तितके बरे’ या वाक्याने मला आईचे शेवटचे वर्ष आठवले. एकामागून एक प्रतिजैविके दिल्यावर तिची भूक गेली, जुलाब थांबेनात आणि वजन उतरत गेले. यातून काही सिद्ध होत नाही, हे मला समजते. पण माशीच्या आतड्यात मोजक्याच जातींचे जिवाणू असतात आणि तेही अन्नातून पुन्हा पुन्हा भरावे लागतात. त्या प्राण्यावरून वृद्ध माणसाला सल्ला देताना हात थरथरला पाहिजे.

अर्धविराम

धागाकर्त्यांनाही एक प्रश्न. विल्यम जा यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की, प्रथिने कमी असलेल्या अन्नावर मेलेले सूक्ष्मजीव भरपूर दिले तरी माशीला फायदा होतो. मग आपण ज्याला जिवाणूंची किमया म्हणता ती कित्येकदा केवळ प्रथिनांची भर नसेल कशावरून?

पडताळा

निकृष्ट अन्नापुरते हे मला मान्य करावे लागते, आणि ते करताना आनंद होत नाही, कारण लॅक्टोबॅसिलसचा दाखला मी फारच ठामपणे दिला होता. अ‍ॅसेटिक आम्लाचा मात्र मी सोडणार नाही. ते आतड्यातल्या संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींना संदेश देते, त्यातून टॅकिकायनिन हे संप्रेरक स्रवते आणि मेदाचा वापर बदलतो. ही साखळी केवळ पोषणाने उलगडत नाही.

दीर्घायू

लॅक्टोबॅसिलसचेच निघाले म्हणून सांगतो. ब्रुनो लमेत्र यांच्या गटाच्या २०१८ च्या कामात त्याच जिवाणूचे लॅक्टेट आतड्यात पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणू निर्माण करवते आणि माशीचे आयुष्य घटवते, असे दिसले. अळीला वाढवणारा जिवाणू म्हाताऱ्या माशीला मारतो, असे म्हणायला आता आपली हरकत नसावी. माझ्या मूळ लेखातले ‘वार्धक्याचे मूळ जिवाणूंतच’ हे वाक्य मी बदलून ‘उतारवयातील ऱ्हासाचे एक कारण’ असे करतो, आणि निर्जंतुक आतड्याचा सल्ला सावलीताईंसाठी काढून टाकतो. निळ्या माश्यांबद्दलचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा राहील.

कुपी_सात

त्या परिच्छेदात अन्नाची कृतीही घाला.