बावीस महिन्यांच्या मुलीचे अंगावरचे दूध न रडवता कसे सोडवावे?

प्रश्न : नाशिकची आई

माझी मुलगी २२ महिन्यांची आहे. ती वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडे आणि केळे व्यवस्थित खाते, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच पाळणाघरात राहते आणि तिथल्या मावशींनी पाठीवर थोपटले की दुपारी दोन तास झोपतेही. घरी मात्र सगळे उलटे होते. मी कामावरून येऊन चपला काढत असतानाच ती ओढणी ओढू लागते, रात्री अंगावर प्यायल्याशिवाय झोपत नाही आणि पहाटेपर्यंत तीन-चार वेळा उठून पिते. रविवारी तर मोजदादच नसते. एसटी स्थानकावरच्या हिरकणी कक्षात तिला पाजत बसण्याचे दिवस मला आवडत होते. परंतु गेले चार महिने मी सलग तीन तास झोपलेले नाही आणि आता हे थांबवावे असे मनापासून वाटते.

सासूबाई कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगतात. माझी आई म्हणते की मुलीला आठ दिवस मामाकडे ठेवावे, परत येईपर्यंत ती विसरलेली असेल. दोघींनीही आपापल्या मुलांचे दूध असेच तोडले. पण जे तिला आजवर सर्वांत गोड होते ते एका रात्रीत कडू करणे, किंवा दूध आणि आई दोन्ही एकदम काढून घेणे, मला पटत नाही. शिवाय मागच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी दीड दिवस बाहेरगावी राहावे लागले तेव्हा छाती दगडासारखी झाली आणि अंगात कणकण आली, त्यामुळे एकदम बंद करण्याची भीतीही वाटते. सुरुवात कोणत्या वेळेपासून करावी, आणि बदल्यात बाटलीने दूध द्यावे का?

उत्तर १ : दोन मुलांची आई, कोल्हापूर

पाळणाघरात ती थोपटण्यावर झोपते, ही तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिला झोपण्यासाठी दूध लागतेच असे नाही. घरात, तुमच्या कुशीत, त्या ठरलेल्या जागी आडवे झाले की प्यायचे, अशी सांगड तिने घातलेली आहे. म्हणून ती किती पिते यापेक्षा कुठे, केव्हा आणि कशानंतर मागते, याची तीन-चार दिवस नोंद ठेवा.

मी धाकट्याची संध्याकाळची वेळ आधी सोडवली, कारण त्या वेळी त्याला भूक लागलेली असे आणि आई हवी असे, आणि या दोन्ही गोष्टी मला दुसऱ्या रीतीने देता येत होत्या. पाळणाघरातून थेट घरी न जाता आम्ही अर्धा तास कोपऱ्यावरच्या बागेत बसत असू आणि डब्यातले थालीपीठ किंवा नाचणीचा लाडू तिथेच खात असू. घरी पोहोचेपर्यंत त्याचे पोट भरलेले असे आणि माझ्या मांडीवर बसून झालेले असे. ज्या खुर्चीत मी पाजत असे ती खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली आणि ओढणी सोडून बंद गळ्याचे कुर्ते घालू लागले. इतक्या साध्या बदलांनी पाच-सहा दिवसांत संध्याकाळचे मागणे थांबले, याचे मलाच आश्चर्य वाटले.

आपण होऊन द्यायचे नाही आणि मागितले तर नाकारायचे नाही, हा नियम पुष्कळजणी सांगतात. दिवसाच्या वेळांना तो चांगला लागू पडतो. रात्री केवळ त्याच्यावर विसंबून राहिलात तर तुम्हाला आणखी वर्षभर जागावे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीसाठी तिच्याशी बोलावे लागेल. या वयाच्या मुलांना आपण समजतो त्याहून बरेच अधिक कळते. ‘बाहेर काळोख आहे, दुदू झोपले आहे, उजाडल्यावर मिळेल,’ हे वाक्य मी दिवसा, तो हसत-खेळत असताना, आठवडाभर सांगत होते आणि मगच रात्री त्याचा वापर केला. मध्यरात्री रडणाऱ्या मुलाला नवा नियम पहिल्यांदा ऐकवू नये. झोपतानाचे पिणे शेवटी ठेवा, पण ते आखूड करत न्या: दहापर्यंत मोजायचे आणि मग तोंडाच्या कोपऱ्यातून हलकेच बोट घालून सोडवायचे. पहिले दोन दिवस मी इतके सावकाश मोजत असे की दहा यायला पाच मिनिटे लागत. पुढे वेग आपोआप वाढवता आला. पूर्ण झोप लागण्यापूर्वी सोडवणे आवश्यक आहे, नाहीतर मध्ये जाग आल्यावर ती पुन्हा तेच शोधते.

उत्तर २ : निवृत्त परिचारिका

तुमच्या छातीच्या त्रासाबद्दल लिहिते, कारण घरच्या सल्ल्यांत हा भाग नेहमी राहून जातो. स्तनात दूध साठून राहिले की पुढचे दूध कमी बनवण्याचा संदेश शरीराला मिळतो, परंतु तो अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून एका वेळचे पाजणे बंद केल्यावर चार-पाच दिवस थांबावे आणि मगच दुसरी वेळ सोडावी. मधल्या काळात ताण असह्य झाला तर हाताने थोडेसे दूध काढावे, केवळ आराम पडेल इतकेच. सगळे रिकामे केले तर शरीर तितकेच पुन्हा तयार करते. पाजून किंवा दूध काढून झाल्यावर गार पाण्याची घडी ठेवली तर ठणका कमी होतो. फडक्याने छाती घट्ट बांधण्याची जुनी पद्धत मात्र टाळावी, कारण त्यामुळे दूध अडून गाठी होतात. एखादा भाग लाल आणि गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि अशा वेळी दूध साठू देऊ नये. दूध आटवण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. सावकाश सोडवणाऱ्या आईला बहुधा त्यांची गरजच पडत नाही. काही मातांना या काळात कारण नसताना रडू येते. पाजताना वाढणारी संप्रेरके उतरू लागल्यामुळे असे होऊ शकते. पण ही उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली तर अंगावर काढू नये.

जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहारासह २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुचवते, तेव्हा उशीर झाला असे कोणी म्हटल्यास मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या वर्षात मुलाच्या ऊर्जेची एक तृतीयांश गरज आईच्या दुधातून भागू शकते. रात्रीचे पिणे कमी होईल तसा तिचा आहार वाढवायलाच हवा: वरणात तूप, अंडे, दही, नाचणीचे सत्त्व. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. बाटली आता मुळीच सुरू करू नका. एक सवय सोडवण्यासाठी दुसरी लागते, आणि रात्रभर तोंडात राहिलेल्या दुधाने दात किडतात. पेल्याने दिवसभरात चारशे-पाचशे मिलिलिटर दूध पुरे. त्याहून जास्त दिले तर पोट दुधानेच भरते, जेवण मागे पडते आणि रक्तातले लोह उतरते. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे औषध दिले जाते, त्याबद्दल आशाताईंकडे विचारणा करावी.

उत्तर ३ : सत्तरीची आजी

थोरल्याचे दूध मी १९८४ साली कडुनिंब लावूनच तोडले. पहिल्या दिवशी त्याने तोंड वाकडे केले, मोरीतून ओले फडके घेऊन आला, मला नीट पुसून काढले आणि प्याला. घरातली सगळी हसली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी काळा बोळ लावायला दिला, तो काही पुसून निघेना, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याने मागणे सोडले. दूध सुटले हे खरे. परंतु पुढे कित्येक दिवस मी भरवलेला प्रत्येक घास तो आधी जिभेच्या टोकाने चाखून पाहत असे, हे मला अजून आठवते. धाकटीच्या वेळी मी बोळ डबीतून बाहेर काढला नाही.

तरीही तुमच्या सासूबाईंवर रागावू नका. आमच्या वेळी दुसरे पोटात असायचे, पहाटे पाणी भरायचे असायचे आणि रात्री मुलाला खांद्यावर घेऊन फिरणारा पुरुष घरात विरळा असे. महिना-दीड महिना सावकाश सोडवण्याची चैन आम्हाला नव्हती. रात्रीची गोष्ट सांगण्याचे काम त्यांच्याकडे द्या, म्हणजे पाल्याचा विषय आपोआप मागे पडेल.

उत्तर ४ : एक वडील, पनवेल

रात्रीचा भाग आमच्याकडे मी सांभाळला, म्हणून एक चूक सांगून ठेवतो. पहिल्या रात्री पत्नी दुसऱ्या खोलीत झोपली. मुलगा घरभर तिला शोधत फिरला आणि दीड तास रडला. दुसऱ्या रात्रीपासून ती तिथेच झोपू लागली, मी दोघांच्या मध्ये झोपू लागलो आणि उशाशी पाण्याचा पेला ठेवला. आई दिसते, तिचा हात धरता येतो, पण पाणी आणि थोपटणे बाबांकडून मिळते, हे त्याने पाचव्या रात्रीपर्यंत कुरकुरत का होईना पण मान्य केले. ताईंच्या यजमानांनी हे शनिवारी सुरू करावे, कारण पहिल्या दोन रात्री दोघांचीही झोप होणार नाही.

प्रश्नकर्तीकडून, सहा आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. संध्याकाळचे पिणे आठ दिवसांत सुटले. रात्रीचे सोडवण्यासाठी मिस्टर मध्ये झोपू लागले आणि तीन रात्री बऱ्याच रडण्यात गेल्या. पाचव्या आठवड्यात तिला ताप आला तेव्हा मी सगळे नियम बाजूला ठेवून चार दिवस मागेल तेव्हा पाजले. बरी झाल्यावर पुन्हा सुरुवात करावी लागली, पण या वेळी दोनच रात्री लागल्या. एकदा डाव्या बाजूला गाठ आली होती, ती थोडे दूध काढून आणि गार घड्या ठेवून दुसऱ्या दिवशी बसली. काकू, सासूबाई आता रोज रात्री चिमणीची तीच गोष्ट सांगतात आणि मुलगी त्यांच्याच कुशीत झोपते, त्यामुळे झोपतानाचे पिणे तर मला सोडवावेच लागले नाही. पहाटे साडेपाचला, खिडकीत उजेड दिसला की, ती माझ्याकडे येते आणि तेवढे एकदाच पिते. त्या वेळेला मी अजून हात लावलेला नाही आणि सध्या लावणारही नाही.