लग्न साधेपणाने करायचे, तर लोक काय म्हणतील याचा विचार किती करावा?

धागाकर्ती (साखर पेठ, सोलापूर):
माझ्या मुलीने विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले आहे. मुलगा सर्वांना पसंत आहे. थोरल्या दिरांचा विरोध आहे तो फक्त कार्यालय, वरात आणि पंगती न करण्याला. ‘इतकी वर्षे ज्यांच्या घरी जेवलो, त्यांना काय तोंड दाखवायचे?’ असे ते विचारतात. ज्यांना संसार करायचा आहे त्यांच्या मनाप्रमाणे लग्न व्हावे आणि लोकांचे बोलणे चार दिवस ऐकून सोडून द्यावे, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

यंत्रमागधारक:
ताई, दिरांचे म्हणणे इतक्या सहज उडवून लावू नका. आमच्या टॉवेलच्या धंद्यात सूत उधारीवर येते आणि व्यापारी माल देताना कागदापेक्षा माणूस पाहतो. मंदीत माझे माग बंद होते, तेव्हा ज्याने पैशांचा तगादा लावला नाही तो पंगतीला माझ्या शेजारी बसणाराच माणूस होता. लोकांची पर्वा नाही, हे ज्याचा पगार एक तारखेला बँकेत जमा होतो त्याने म्हणावे. आम्हाला ते परवडत नाही. शिवाय ज्या गावात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाला संमती कट्ट्यापाशी हजारो हात अक्षता टाकतात, तिथे लग्न हा केवळ दोघांचा मामला आहे, हे कोणाला पटवणार?

वकीलवाडा:
लोकांच्या मताला किती जागा द्यायची, हे 1954 च्या या कायद्याने बऱ्यापैकी ठरवून दिले आहे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते आणि त्यानंतरच्या 30 दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. मात्र हरकत वय, आधीचा हयात जोडीदार, निषिद्ध नाते किंवा मानसिक असमर्थता अशा ठरावीक कारणांवरच ऐकली जाते. आम्हाला जेवायला बोलावले नाही, हे कारण त्यात नाही. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार पुरतात.

नवी पेठ:
आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली युद्ध चालू असताना चीनला गेले, 1941 साली तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच त्यांचे निधन झाले. पेठेतल्या लोकांना काय वाटेल याचा हिशेब मांडत बसले असते, तर ते सोलापूरबाहेर तरी पडले असते का?

यंत्रमागधारक:
कोटणीस जखमी सैनिकांसाठी गेले होते, पंगत चुकवायला नव्हे. एवढे मोठे नाव या वादात ओढू नये.

विडीकामगाराची लेक:
यंत्रमागवाले दादा, तुमचा अनुभव खरा असेल, पण उधारी न मिळणाऱ्या घरातले लग्नही पाहा. माझी आई सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळत असे आणि कारखान्यात नाकारलेल्या विड्यांचे पैसे कापले जात. माझ्या लग्नात लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून तिने पतसंस्थेचे कर्ज काढले. जेवून गेलेल्यांपैकी कोणी हप्ता भरायला आले नाही, आणि भात कच्चा राहिला होता हे सांगायला मात्र दोघी घरी येऊन गेल्या. ज्यांच्यावर आपल्या निर्णयाचा भार पडतो त्यांचे मत जरूर घ्यावे. आमच्याकडे तो आईवर पडला आणि तिला कोणीच विचारले नाही.

यंत्रमागधारक:
कर्ज काढून पंगत घाला, असे मी म्हटलेले नाही. लग्नानंतर मुलगी आणि जावयाला घेऊन घरोघरी जाऊन या. चहा-चिवड्यावरही माणसे समाधानी होतात.

धागाकर्ती:
घरोघरी जायला मुलगी तयार आहे, फक्त आहेर घेणार नाही म्हणते. हे ऐकून दिरांनी पंगतीचा विषय सोडला आणि कपाटातून वही काढली. कोणाच्या लग्नात आपण किती आहेर घातला, हे त्यात नावानिशी मांडलेले आहे आणि ते परत कसे यायचे, असा आता त्यांचा प्रश्न आहे. पेठेत उधारी वसूल करणाऱ्यांनीच यावर काही सुचवावे.