मदत हवी आहे: जुन्या पीसीवर विंडोज १० सोबत लिनक्स मिंट

कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, जुना बायोस (पीसी सुरू करणारी जुनी प्रणाली; नवं यूईएफआय नाही). विंडोज उडवता येत नाही, कारण डीटीपीचं (छपाईसाठी पानं मांडायचं) काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर चालतं. इंटरनेटसाठी मात्र मिंट (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) हवंय, कारण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सपोर्ट बंद झालाय.

डी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ६० जीबी जागा काढली. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद आहे, पेन ड्राइव्हवरून मिंट छान चालतं. पण इन्स्टॉलर ती मोकळी जागा ‘अनयुजेबल’ दाखवतो. डिस्क एमबीआर आहे (पार्टिशनची जुनी पद्धत, तीत प्रायमरी पार्टिशन चारच बसतात) आणि चारही प्रायमरी पार्टिशन आधीच भरलीत: सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी, रिकव्हरी. विंडोज डायनॅमिक डिस्क (विंडोजची स्वतःची डिस्क-मांडणी, तीत मिंट टाकणं अवघड) करायला सुचवतंय, ते मुद्दाम टाळलं. बुधवार पेठेतल्या दुकानदाराचं एकच उत्तर, ‘सगळं फॉरमॅट मारा.’ बॅकअप घेतलाय, पण विंडोज पुन्हा टाकायचं नाही.

डी ड्राइव्ह डेटा न घालवता लॉजिकल (चारच्या मर्यादेत न मोजलं जाणारं पार्टिशन) करता येईल का, की रिकव्हरी पार्टिशन उडवणं जास्त सुरक्षित? आणि यातल्या कशानं विंडोजचं बूट बिघडेल का?