श्रीमहावीरजीच्या यात्रेसाठी मदत हवी आहे

सर्वांना जय जिनेंद्र. माझ्या ८१ वर्षांच्या आजीला सोलापूरहून राजस्थानातील करौली जिल्ह्यात, गंभीर नदीच्या तीरावर असलेल्या श्रीमहावीरजी या अतिशय क्षेत्राच्या (म्हणजे चमत्कारासाठी प्रसिद्ध असलेल्या जैन तीर्थाच्या) दर्शनाला न्यायचे आहे. टेकाडावर आपोआप दूध सोडणाऱ्या गाईमुळे एका चर्मकाराला भगवान महावीरांची मूर्ती सापडली, ही कथा ती आम्हांला लहानपणापासून सांगत आली आहे. मूर्ती जेथे निघाली तेथील चरणछत्रीपाशी (भगवंतांच्या चरणचिन्हांवरील छत्रीपाशी) वाहण्यासाठी तिने अक्षता आणि लवंगांची पुरचुंडी आतापासूनच बांधून देवघरात ठेवली आहे. महावीर जयंतीच्या मेळ्यात मीणा आणि गुर्जर समाजाचे लोकही जैनांइतक्याच श्रद्धेने येतात, आणि नदीकडे निघणारा रथ एकदा डोळे भरून पाहावा, एवढीच तिची इच्छा आहे. हा रथ पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला निघतो; तिकडे पौर्णिमेनंतर वैशाख लागतो, आपल्याकडे मात्र तो चैत्र वद्य पक्षच असतो, त्यामुळे तिथी जपून पाहावी लागते.

मेळ्याला जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: गर्दीत चाकाची खुर्ची नेता येते का, धर्मशाळेत तळमजल्यावरची खोली किती आधी मागावी, आणि आजीला सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का?