संध्याकाळच्या जॅकेटची उंची नेमकी किती असावी? तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर उजाडला की पुण्यात दिवेलागणीनंतर गारठा जाणवू लागतो, आणि नेमके त्याच दिवसांत लॉनवरचे स्वागत समारंभ, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आणि नाट्यगृहांतले कार्यक्रम एकापाठोपाठ येतात. शालीऐवजी साडीवर, गाउनवर किंवा रेशमी पँटवर जॅकेट घालणाऱ्या आता पुष्कळ जणी आहेत. कापडाची आणि रंगाची आपण बारकाईने चौकशी करतो, परंतु शिंप्याने ‘उंची किती ठेवू?’ असे विचारले की कमरेखाली कुठेतरी आडवा हात धरून ‘इथपर्यंत’ म्हणतो आणि मोकळ्या होतो. माझ्या मते सगळे त्या आडव्या हातावरच अवलंबून असते, कारण जॅकेटची खालची कड ही अंगावर ओढलेली आडवी रेघ असते आणि बघणाऱ्याची नजर तिथे थांबते. तेव्हा आपली चण कशी आहे, आत काय घातले होते आणि जॅकेट कुठे संपले, हे तिन्ही लिहावे. नुसत्या इंचांचा दुसरीला उपयोग होत नाही.

कोथरूडहून

माझी उंची पाच फुटांच्या आतलीच आहे आणि समारंभाला मी साडीच नेसते. माझे मखमली जॅकेट बरोबर कमरेवर, म्हणजे निऱ्या जिथे खोचतो त्याच्या किंचित वर संपते. तिथून पावलांपर्यंत साडीचा एकच रंग अखंड दिसतो आणि त्यामुळे मी आहे त्यापेक्षा उंच वाटते. हेच जॅकेट नितंबांपर्यंत आणले असते, तर खाली साडीचा आखूड तुकडा तेवढा उरला असता आणि निऱ्यांच्या फुगवट्यावर पुढची कड उचलली गेली असती. पदर मी जॅकेटच्या आतून घेते. जॅकेट आखूड असल्याने तो पाठीमागे मोकळा पडतो; लांब जॅकेटात तोच पदर दाबला जाऊन खांद्यावर चुण्यांचा गोळा होतो.

ही युक्ती काही आजची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘स्पेन्सर’ नावाचे आखूड जॅकेट आले. छातीखालीच कंबर असलेल्या त्या काळच्या लांब झग्यांवर बायका ते घालत, आणि ते झग्याच्या त्या उंच कमरेवरच थांबत असे. खालचे वस्त्र अखंड असेल तर वरचे आखूड चालते, हे त्यामागचे तत्त्व साडीलाही लागू पडते.

औंधहून

वरील मत साडीपुरते मान्य. मी मात्र रुंद पायांची क्रेपची पँट घालते आणि माझा बांधा खालच्या बाजूस भरलेला आहे. माझा नियम एवढाच, की शिंपी टेप लावून जिथे ‘सीट’, म्हणजे नितंबांचा सर्वांत रुंद भाग, मोजतो त्या रेषेवर जॅकेट संपू द्यायचे नाही. एक तर कमरेच्या हाडाशी थांबावे, नाही तर सरळ मांडीच्या मध्यापर्यंत जावे. मी दुसरा मार्ग निवडला, पुढे बटणे न लावता जॅकेट उघडे ठेवले आणि त्यामुळे दोन्ही पाखांच्या कडा उभ्या रेघांसारख्या दिसतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे बाह्यांची उंची. हात खाली सोडल्यावर बाहीची कड आणि जॅकेटची कड एकाच पातळीवर आली, तर दोन बाह्या आणि मधले अंग मिळून एक सलग रुंद पट्टा तयार होतो. पाऊण बाही केली की हा प्रश्नच उरत नाही, शिवाय बांगड्याही दिसतात.

सदाशिव पेठेतून, शिवणकामाचा व्यवसाय

माझ्याकडे येणाऱ्या ताईंना मी आधी दोन गोष्टी सांगते. समारंभाला जी चप्पल घालणार तीच घालून मापाला या, आणि आत जे नेसणार ते नेसूनच या. टाचेची उंची बदलली की उभे राहण्याची ढबच बदलते. उंची मी मानेच्या मागच्या मणक्यापासून घेते, परंतु ते माप कागदावर ठीक असते. छाती भरलेली असेल तर कापड पुढे वर उचलले जाते आणि पाठीला पोक असेल तर मागे. म्हणून कड जमिनीला समांतर दिसावी यासाठी पुढची आणि मागची उंची मुद्दाम वेगळी कापावी लागते. तयार जॅकेट एखादीला मागून आखूड वाटते ते बहुधा यामुळेच. पाठ सरळ असणाऱ्या तिच्या बहिणीला तेच नीट बसते.

भारी कापड असेल तर आधी मांजरपाटाचे कच्चे जॅकेट शिवावे. त्याची कड टाचण्यांनी वर-खाली करून बघता येते. मी गिऱ्हाइकाला आरशापासून लांब उभे करते, कारण जवळून फक्त कड दिसते आणि लांबून पूर्ण अंग दिसते. दोन बोटांच्या फरकाने काय होते ते मग सांगावे लागत नाही.

कापडाचा स्वभावही बघावा. ब्रोकेड ताठ असते, ते अंगापासून सुटून उभे राहते आणि फार लांब केले तर पत्र्याच्या डब्यासारखे दिसते. क्रेप खाली पडते, त्याला लांबी मानवते. हलके कापड आखूड केले की कड उडते. त्यावर उपाय म्हणजे कडेच्या आतून वजन देणे. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जॅकेटांत अस्तराच्या खालच्या कडेला बारीक साखळी टाचलेली असते, ती शोभेसाठी नसून जॅकेट सरळ लोंबावे म्हणून असते. आपल्याकडे तेच काम थोडी रुंद दुमड आणि चांगले अस्तर यांनी बरेचसे होते.

औंधच्या ताईंचा नियम बरोबर आहे, पण एक अपवाद सांगते. 1947 साली फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिओरने आणलेल्या ‘बार’ जॅकेटाची कंबर घट्ट होती आणि नितंबांवर मुद्दाम भर घातलेला होता. भरलेपणा झाकायचा नसून दाखवायचा असेल, तर तिथेच संपणारे जॅकेटही देखणे दिसते. फक्त कंबर नेमकी बसायला हवी.

सहकारनगरहून

आईच्या जुन्या पैठणीचे जॅकेट शिवताना काठ खाली लावायचा की पुढच्या उभ्या कडेला, यावर घरात बराच खल झाला. खाली लावला असता तर कडेची रेघ जरीने दुप्पट ठळक झाली असती आणि मी काही सडपातळ नाही. उभा लावला, उंची कमरेच्या हाडाशी ठेवली. बहिणीने गुळेदगुड्डच्या खणाचे केले, तिची गोष्ट निराळी. खणाचा पन्हा कमी असल्याने जोड द्यावे लागतात, पण ते उभे दिले की तेच शोभतात.

वारज्याहून

गुडघ्यापर्यंतचे जॅकेट उभ्याने फार रुबाबदार दिसते. दुचाकीवर मात्र ते मागच्या चाकाकडे झेपावते, आणि बालगंधर्वच्या खुर्चीत बसले की त्यावरच बसावे लागून मान मागे ओढली जाते. मागे मध्यावर लांब कट दिल्यावर बसणे सुसह्य झाले. दुचाकीवरून जाताना ते अजूनही घडी करून पिशवीतच असते.

कर्वेनगरहून

सदाशिव पेठेतल्या ताईंना विचारायचे आहे. माझी पाठ वयामुळे थोडी वाकली आहे. मखमलीचे तयार जॅकेट मागून वर जाते. ते खाली उतरवता येईल का?

सदाशिव पेठेतून

आजी, आत दुमड किती आहे ते उसवण्याआधी चाचपून बघावे लागेल. मखमलीवर जुन्या शिलाईची आणि घडीची खूण राहते, कारण तिथली लव दबलेली असते, आणि वरून इस्त्री फिरवली तर ती आणखी बसते. त्यामुळे दुमड सोडण्यापेक्षा मागच्या कडेला त्याच रंगाच्या साटिनची पट्टी मध्यावर रुंद आणि दोन्ही बाजूंना निमुळती जोडावी. पट्टी तीच बाह्यांच्या कडेलाही लावली म्हणजे जोड दिल्यासारखे वाटत नाही. जॅकेट घेऊन या, पण साडी नेसूनच या.